१९७० ची फियाट रंगवायची आहे: कोणता रंग, कोणतं फिनिश?

नाशिककर_भाचा

नमस्कार मंडळी,

मामांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आता माझ्याकडे आली आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग झालं. पत्राकाम चालू आहे. दरवाज्यांखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि पुढच्या मडगार्डांचे कोपरे सडले होते, ते कापून नवीन पत्रा बसवतोय. महिना-दीड महिन्यात रंगावर येऊ, म्हणून हा धागा.

गाडी सध्या पांढरी आहे. पांढऱ्याखाली क्रीम, क्रीमखाली मरून. मामांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मरूनच होती आणि आमच्या घरात सगळ्यांना ती मरूनच आठवते. पण परवा ग्लोव्ह बॉक्स काढला तर मागे निळसर राखाडी रंग दिसला. मग मागच्या काचेचं रबर सोडवून पाहिलं, तिथेही तोच. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून ती या रंगात बाहेर पडली असणार.

मला स्वतःला गडद हिरवा आवडतो. मामी म्हणतात मरून. आणि आता हा राखाडी समोर आलाय. पेंटरचं वेगळंच: एनसी (जुन्या पद्धतीचा लॅकर) मारू, पीयू (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारू, की मेटॅलिक करून वर क्लिअर (पारदर्शक थर)? गाडी शोभेला ठेवायची नाही. रविवारी चालवायची, वणीला, त्र्यंबकला न्यायची, जमलं तर वर्षातून एकदा रॅलीत उतरवायची.

तुम्ही काय केलं असतं आणि का, ते सविस्तर लिहा.

पेट्रोलपुत्र

निळसर राखाडी. पुढचा प्रश्न?

मृण्मयी_के

पेट्रोलपुत्र, इतकं सोपं नसतं हो ते. कंपनीचा रंग त्या गाडीवर थोडीच वर्षं राहिला, त्यानंतर ज्यांनी ती वापरली त्यांनी मरूनच पाहिली. वरातीत गेली ती मरून, शिर्डीला गेली ती मरून. मामी हयात आहेत, त्यांना हौस आहे, आणि गाडी विकायची नाही. मग कारखान्यातल्या एका दिवसाला घरातल्या चाळीस वर्षांपेक्षा जास्त मान का द्यायचा?

माझं मत मरून.

टॉर्करेंच

रंग ठरवायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, तो निळसर राखाडी नक्की बाहेरचा रंग आहे का. दोन ठिकाणी सापडला हे चांगलं लक्षण, पण डॅशबोर्डच्या मागे रंगाचा हात बऱ्याचदा पातळ असतो आणि तिथे ऊन लागत नाही, त्यामुळे छटा थोडी वेगळी दिसू शकते. दरवाज्याचं आतलं पॅनेल काढून त्यामागे बघा. स्टेपनीखालचा पत्रा, सीटच्या रुळांखालची जागा, दरवाज्याच्या बिजागरीची आतली बाजू. बिजागरीला पुढचे पेंटर सहसा हात लावत नाहीत, तिथे अस्सल रंग टिकून असतो. जिथे सापडेल तिथे २००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवा, वर रबिंग कंपाउंड लावा. मेलेला थर निघाला की खरा रंग वर येतो.

दुसरी, सगळ्यात वर असलेला पांढरा कशाचा आहे. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एका कोपऱ्यावर धरा. रंग बोळ्यावर उतरला तर एनसी. पृष्ठभाग फुगून सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर पीयू. हे कळल्याशिवाय वर काहीही मारू नका, कारण सिंथेटिकवर एनसीचा हात दिला की खालचा थर उचलला जातो आणि सगळं बॉनेट सुरकुततं.

माझा सल्ला: चार थर असलेल्या गाडीवर पाचवा चढवू नका. पार पत्र्यापर्यंत उतरवा. सँडब्लास्टिंगवाला (वाळूच्या माऱ्याने रंग काढणारा) बॉनेट, छत, दरवाजे अशा सपाट पत्र्यावर सोडू नका, पत्र्याला पोक येतो आणि तो परत सरळ होत नाही. तिथे पेंट रिमूव्हर आणि खरवडायची पत्री. ब्लास्टिंग फक्त खालच्या जाड भागांना.

हडपसरकर

टॉर्करेंच यांच्या प्रतिसादाला +१. खर्चाचाही सगळा फरक तिथेच पडतो. माझ्या प्रीमियर पद्मिनीसाठी (या फियाटचंच पुढचं मॉडेल) एका गॅरेजने ७० हजार सांगितले, दुसऱ्याने अडीच लाख. दोघेही तोच रंग, तोच डबा वापरणार होते. पहिला वरवर घासून मारणार होता, दुसरा पत्रा उघडा करून.

रंगाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मरून आणि गडद हिरवा दोन्ही गडद. गडद चमकदार रंगात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते. तुमचा डेंटर किती चांगला आहे ते बघून रंग निवडा. राखाडी, क्रीम, फिका निळा हे रंग पत्र्याचे दोष सांभाळून घेतात. शिवाय पन्नास वर्षांच्या गाडीला एसी नाही, मे महिन्यात गडद छताखाली बसून बघा.

काळी_पिवळी

काळा सोडून काहीही करा, नाहीतर सिग्नलला कोणीतरी दार उघडून आत बसेल आणि म्हणेल, "दादर."

गंमत बाजूला. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे, त्यामुळे ही गाडी म्हणजे आमचं घरच. दरवर्षी पासिंगच्या आधी गॅरेजात काळ्याचा आणि छपराला पिवळ्याचा हात पडायचा. आधीचा उतरवणं वगैरे काही नाही, थरावर थर. छपराच्या पन्हळीच्या कडेला जिथे पावसाचं पाणी साचायचं तिथे रंगाचा पापुद्रा सुटायचा, आणि तो मोडला की कडेला एकाआड एक काळ्या रेघा दिसायच्या. मी लहानपणी त्या मोजायचो.

पिवळ्याची एक खुबी तेव्हा पेंटरकाकांकडून कळली. पिवळा रंग खालचं झाकत नाही. काळ्यावर थेट मारला तर हिरवट दिसतो, म्हणून छपराला आधी पांढरं अस्तर. लाल आणि मरूनलाही हेच लागू, खालच्या अस्तराचा रंग वर डोकावतो. पेंटरला अस्तर कोणत्या रंगाचं घेणार ते विचारा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. तुम्ही तिचीच थोरली बहीण जपताय, त्याबद्दल मनापासून आभार. रंग कोणताही द्या, पण द्या नीट.

मृण्मयी_के

काळी_पिवळी, फार सुंदर प्रतिसाद. रंगाच्या कडा मोजणारा मुलगा डोळ्यांसमोर आला.

गॅरेजवाला_सांगली

धंद्यातला माणूस म्हणून फिनिशवर लिहितो. वडिलांपासून आमचं डेंटिंग-पेंटिंगचं काम.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. थिनर उडाला की रंग सुकला, आत रासायनिक क्रिया काही होत नाही. म्हणूनच वर टॉर्करेंच म्हणतात तसा तो वर्षांनंतरही थिनरच्या बोळ्यावर उतरतो. याचा मोठा फायदा असा की ओरखडा पडला तर तेवढीच जागा मारता येते, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. तोटे असे: थर पातळ, त्यामुळे सहा-आठ हात द्यावे लागतात. गनमधून चमक येत नाही, वॉटर पेपर आणि पॉलिशने हाताने काढावी लागते. उन्हात राहिलेल्या गाडीवर काही वर्षांत मंद होतो, बारीक तडे जातात. पेट्रोल भरताना सांडलं की डाग.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, दोन भागांचा, म्हणून टू-के. रंगात हार्डनर मिसळला की क्रिया सुरू, ठराविक वेळेत डबा संपवावा लागतो. दोन-तीन हातांत पुरेसा थर बसतो, पेट्रोलला दाद देत नाही, उन्हात टिकतो. पण चुकलं तर सोपं नाही, घासून पुन्हा मारावं लागतं.

आता पावसाची गोष्ट. एनसी दमट हवेत मारला की पांढुरका पडतो. थिनर झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार होतो, आणि हवेतली वाफ त्यावर जमते. याला आम्ही ब्लशिंग म्हणतो. रिटार्डर घातला तर थिनर सावकाश उडतो आणि थोडं सावरतं, पण आषाढात मी एनसीला हात लावत नाही. नाशिकची हवा मुंबईपेक्षा बरी, तरी दिवाळीनंतरच काढा.

मेटॅलिक आणि वर क्लिअर मात्र या गाडीवर नको. ती ओली, खोल चमक आजच्या गाड्यांची आहे. फियाटचा रंग सपाट आणि सॉलिड होता. तुमच्यासाठी माझी शिफारस: सॉलिड रंगाचा पीयू, डायरेक्ट ग्लॉस (रंगालाच चमक), वर क्लिअर नाही. दोन-तीन आठवडे सुकू द्या, मग १५०० आणि २००० ने हलकं घासून मशीनऐवजी हाताने पॉलिश करा. आरशासारखी चमक थोडी खाली येते आणि जुन्या लॅकरचा पोत मिळतो. चांगल्या चांगल्या जाणकारांना जवळून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

पेट्रोलपुत्र

सांगलीकर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण "फरक कळत नाही" हे पटत नाही. एनसीची चमक वरून येत नाही, आतून येते. सकाळच्या तिरप्या उन्हात मडगार्डाच्या गोलाईवर बघा. पीयूत उजेडाची एक कडक रेघ दिसते, एनसीत त्या रेघेची कड मऊ होऊन पसरते. पन्नास वर्षांची गाडी पत्र्यापर्यंत उघडी करणार, इतके कष्ट घेणार, आणि शेवटी तिला तिच्या काळात नसलेलं रसायन लावणार? गाडी रोज चालवायची नाहीये. एनसी मारा, झाकून ठेवा, काही वर्षांनी पुन्हा हात द्या. जुन्या गाडीची सेवा ती हीच.

आणि हो, एनसी नसता तर रंगीत गाड्याच सर्वसामान्यांना मिळाल्या नसत्या. आधी गाडीचा रंग सुकायला आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची. १९२४ च्या ओकलंड या अमेरिकी गाड्यांवर ड्यूपॉन्ट कंपनीचा ड्युको हा एनसी रंग आला, निळा, झटपट सुकणारा, आणि मग रंगांची दारं उघडली. आपल्याकडे सुतार कपाटाला ड्युको मारतात तो याच घराण्याचा.

गॅरेजवाला_सांगली

साहेब, मडगार्डावरच्या रेघेचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, मान्य. पण धागाकर्ते वणीच्या घाटात गाडी नेणार आहेत. पुढच्या ट्रकच्या चाकांखालून खडे उडणार. एनसीला पुढच्या मडगार्डावर पहिल्याच फेरीत टवके पडतील. झाकून ठेवायची गाडी असती तर मीही एनसीच म्हटलं असतं.

डॉ_अनघा

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, गाड्यांतलं मला कळत नाही. पण पीयूचा विषय निघाला म्हणून लिहिणं भाग आहे.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की काही माणसांना कायमची संवेदनशीलता येते. एकदा ती आली की नंतर अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि मग त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क बांधून काहीही उपयोग नाही. मास्कला लावायच्या कोळशाच्या कार्ट्रिजवरही (गाळणीवरही) पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण आयसोसायनेटला ओळखू येईल असा वास नसतो, कार्ट्रिज संपलेलं कळतच नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. अंगावर पूर्ण कपडे, हातमोजे. फवारणी थांबल्यावरही खोलीत लगेच मास्क काढायचा नाही.

माझ्याकडे येणारे पेंटर बहुतेक तिशी-पस्तिशीचे असतात. कृपा करून गॅरेज निवडताना हा प्रश्न विचारा. ग्राहकांनी विचारलं तरच मालक मास्क आणतील.

जुना रंग उतरवताना कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात आणि अस्तरात शिसं असू शकतं. घरात लहान मुलं असतील तर ते कपडे वेगळे धुवा.

गॅरेजवाला_सांगली

डॉक्टर ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे हवेच्या नळीचा मास्क आहे आणि पोरांना त्याशिवाय बूथमध्ये सोडत नाही. वडिलांच्या पिढीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त पाणी लावून घासण्याबद्दल एक जोड देतो. रंगावर वॉटर पेपर पाण्याने फिरवा, पण पत्रा उघडा झाला की पाणी बंद. उघड्या पत्र्यावर पाणी म्हणजे तासाभरात गंज. आणि पुट्टीवरही पाणी नको, ती पाणी पिते आणि आतून पत्रा खाते. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, पुट्टी त्याच्यावर.

जीपगाडी

धागा छान चाललाय. माझ्या जुन्या महिंद्र जीपला मिलिटरी हिरवा मारायचा विचार आहे. इथेच विचारू का?

टॉर्करेंच

जीपगाडी, नका मारू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: संरक्षण खात्याची सोडून कोणतीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. वेगळी छटा घ्या.

जीपगाडी

धन्यवाद! पेंटरने हे सांगितलंच नव्हतं. मग वाळूचा रंग बघतो.

दूरदेशी

इंग्लंडातून लिहितेय. आमच्याकडे मॉरिस मायनर आहे. नवऱ्याचं वेड होतं, आता माझंही झालंय. इथे एक सोय फार चांगली आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या आहेत. चेसिस नंबर कळवला की ते प्रमाणपत्र देतात, त्यात गाडी कधी बनली आणि कोणत्या रंगात बाहेर पडली ते लिहिलेलं असतं. आमची आल्मंड ग्रीन निघाली. आम्ही तिला कायम ओल्ड इंग्लिश व्हाइटमध्ये पाहिलेलं, त्यामुळे नाशिककर, तुमची अडचण मला अगदी जवळून कळते.

आम्ही मूळ रंगाकडे परत गेलो. एक कारण असं की मूळ रंगाला आतला भागही जुळतो. रंग बदलायचा तर इंजिनाची खोली, दरवाज्यांच्या कडा, डिकीचं आतलं सगळं बदलावं लागतं, नाहीतर बॉनेट उघडलं की दोन गाड्या दिसतात. तुमच्या फियाटचा डॅशबोर्डही पत्र्याचा आणि रंगीत आहे ना? मरून केलात तर तोही मरून करावा लागेल.

एनसीबद्दल: इथे २००७ पासून अशा रंगांवर प्रदूषणामुळे निर्बंध आले, पण जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी सूट ठेवलीय. त्यामुळे सेल्युलोज अजून मिळतो, आणि तो मारणारे हौशी लोक घरच्या गॅरेजात मारतात.

नाशिककर_भाचा

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

तपासण्या केल्या. पांढरा सुरकुतला, म्हणजे सिंथेटिक. दरवाज्याच्या पॅनेलमागे आणि बिजागरीवरही निळसर राखाडीच आहे, घासल्यावर निळा जरा जास्त दिसतो. डॅशबोर्ड वरून मरून आहे, पण ॲश ट्रेच्या खाचेत राखाडी दिसला.

दूरदेशी ताई, इंजिनाच्या खोलीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तिथे मरून किंवा पांढरा कोणी मारलेला नाही. बॅटरीजवळचा भाग सोडला तर जुना राखाडी तसाच आहे, तेलकट पण शाबूत.

आरसी बुकवर रंग पांढरा लिहिलाय. ते कसं करायचं?

हडपसरकर

रंग बदलला की आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद बदलून घ्यायची, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो. रंगाआधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा.

तुमची गाडी ५० वर्षांपुढची आहे, त्यामुळे २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येईल. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणीचे २० हजार, मुदत दहा वर्षं. पण विंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुम्हाला रविवारी देवाला जायचंय, म्हणून आधी नीट विचार करा.

जुनं_ते_सोनं

सगळे रंगावर बोलताहेत, मी उलट बोलतो. इंजिनाची खोली रंगवू नका!

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, ट्यूरिन सनद २०१३ ची आहे. तिचा गाभा असा की आधी जपणूक, मग दुरुस्ती, आणि नव्याने करणं अगदी शेवटी. बाहेरचा मूळ रंग तुमच्या गाडीवर उरलाच नाही, तिथे नव्याने करण्याला पर्याय नाही. पण बॉनेटखाली १९७० चा रंग जागेवर आहे. तो कुर्ल्यात कोणा कामगाराने मारलाय. केरोसीनच्या बोळ्याने तेल काढा, सौम्य साबणाने पुसा, बॅटरीजवळचा गंजलेला भाग तेवढा दुरुस्त करा. रॅलीत जाणकार परीक्षक पहिल्यांदा बॉनेटच उघडायला सांगतात.

आणि हे केलंत की बाहेरच्या रंगाचा निर्णय आपोआप होतो.

मृण्मयी_के

जुनं_ते_सोनं, हा मुद्दा मात्र मला हलवून गेला. मूळ रंग नाहीसा झालेला नाही, गाडीत अजून आहे, हे मी धरलंच नव्हतं. मरूनचा आग्रह सोडत नाही, सौम्य करते.

इतिहासवेडा

गडद हिरव्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. शर्यतींच्या जुन्या संकेतात हिरवा ब्रिटनचा. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तेव्हा ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या होत्या, तिथपासून तो चिकटला. फ्रान्सला निळा, इटलीला लाल. फियाट ट्यूरिनची, तिला इंग्रजांचा रंग कशाला?

काळी_पिवळी

या न्यायाने मामींचा मरूनच इटलीच्या जास्त जवळचा :)

टॉर्करेंच

हा हा. मामींना एक मत वाढलं.

आता कामाचं. रंग जुळवायला दुकानात नेताना फोटो नेऊ नका, वस्तू न्या. सुटा होणारा, सपाट, घासून पॉलिश केलेला तुकडा हवा, म्हणजे त्यांचं यंत्र नीट वाचतं. यंत्राने दिलेलं सूत्र ही सुरुवात समजा. राखाडी रंग फसवे असतात, ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात एक हिरवा तर दुसरा जांभळा दिसतो. म्हणून नमुना कागदावर घेऊ नका, एका जुन्या मडगार्डावर मारून घ्या. गोलाई असलेल्या पत्र्यावरच रंग कळतो. तो सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी अंगणात ठेवून बघा. तिन्ही वेळा पटला तरच सही. आणि एक लिटर जास्त बनवून घ्या, पुढे डागडुजीला तीच छटा पुन्हा मिळत नाही.

नाशिककर_भाचा

बऱ्याच दिवसांनी येतोय. निर्णय झाला.

इंजिनाची खोली धुतली. जुनं_ते_सोनं, तुमचं ऐकलं हे फार चांगलं झालं. तेलाखालून रंग असा निघाला की आमचा डेंटर दिवा धरून बघत बसला. मडगार्डावरचा नमुना मामींना दाखवला. त्यांनी हात फिरवून पाहिला, आणि म्हणाल्या की बाहेरून तुझा राखाडी कर, पण सीट मरून रेक्झिनच्या पाहिजेत. मला दोन्ही रंग शेजारी ठेवल्यावर आवडले. मृण्मयी ताई, तुमचा मुद्दा असा आत बसतोय.

फिनिश सांगलीकरांनी सांगितलं तेच: सॉलिड पीयू, क्लिअर नाही, हाताने पॉलिश. पेट्रोलपुत्र, डॅशबोर्ड मात्र एनसीत करतोय, तिथे खडे लागत नाहीत. डॉक्टर ताई, गॅरेज बदललं. पहिल्याकडे मास्क नव्हता.

रंग पुढच्या आठवड्यात. काही राहिलंय का?

पेट्रोलपुत्र

डॅशबोर्ड एनसीत! मनापासून धन्यवाद. पॉलिश करताना घाई करू नका, कडांना कंपाउंड लावू नका, तिथे थर आधी संपतो.

टॉर्करेंच

दोन गोष्टी. गॅरेजात सिलिकॉनवालं टायर पॉलिश किंवा डॅशबोर्डचा स्प्रे कोणी वापरत नाही ना ते बघा. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर ताज्या रंगात जागोजागी खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे गोल. आणि काचांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, हँडल, दिवे सगळं काढूनच रंगवा. टेप लावून मारलं की दोन वर्षांनी त्याच कडेवरून पापुद्रा सुटतो.

गॅरेजवाला_सांगली

रबरं नवीन आणा, जुनी पुन्हा बसवताना ताजा रंग खरवडतात. बसवायला साबणाचं पाणी, ग्रीस नाही. रंग झाल्यावर पहिले दोन-तीन महिने मेण, सिरॅमिक काही लावू नका, आतला थिनर पूर्ण बाहेर पडू दे. प्लॅस्टिकचं कव्हरही नको, सुती चादर टाका.

नाशिककर_भाचा

नोंद केली. मागच्या काचेचं रबर नाशिकात मिळत नाहीये, कोणाकडे ११०० डीचं (डिलाइटचं) असेल किंवा मुंबई-पुण्यातलं दुकान माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काळी_पिवळी

वडिलांच्या एका जुन्या दोस्ताकडे पद्मिनीचं सामान अजून आहे. मागची काच दोन्हींची सारखी आहे का ते त्याला विचारून उद्या व्यनि करतो. तोवर जुनं रबर फेकू नका, मापाला लागेल.